गाणं संपल्यावर

आई स्टॉकहोमला आली की तिला दाखवायच्या ठिकाणांची माझी यादी तयार असते. आई ती शांतपणे ऐकून घेते आणि विचारते, "बसायला कुठे जागा आहे?" गुडघे तिचे, त्यामुळे शेवटचा शब्दही तिचाच. गेल्या सप्टेंबरात ती आली तेव्हा पहिल्याच रविवारी मी तिला पाण्याकाठी बसायला नेलं. आम्ही राहतो किस्टाला. तिथून निळ्या मेट्रोत बसलं की थेट शेवटच्या स्टेशनपर्यंत, कुंगस्त्रेदगोर्डन. नावाचा अर्थ राजाची बाग. शेवटचं स्टेशन असल्यामुळे उतरायची घाई नाही, दारात आधीपासून जाऊन उभं राहायचं नाही. तरीही आई दोन स्टेशनं आधीच उठून दारापाशी गेली. तिच्याशिवाय दारात कोणीच नव्हतं.

एकतीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी केलेल्या बाईला हे शिकवता येत नाही.

स्टेशन जमिनीखाली खडक फोडून केलेलं आहे. लांबच लांब सरकत्या जिन्याने वर आलो आणि पाच मिनिटांत घाटावर पोचलो. समोर पाणी, पाण्यापलीकडे राजवाडा, काठाला बेटांवर जाणाऱ्या पांढऱ्या बोटी आणि आपल्या पाठीशी ग्रँड हॉटेल. १८७४ साली रेजिस कादिए नावाच्या एका फ्रेंच माणसाने सुरू केलेलं. नोबेलवाले डिसेंबरात इथेच उतरतात, आणि सुरुवातीची बरीच वर्षं नोबेलची मेजवानीही इथेच व्हायची. हे सगळं मी आईला सांगितलं. तिने हॉटेलकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "चहा केवढ्याला असेल इथे?" मी आकडा सांगितला नाही. पिशवीतून थर्मास काढला.

चहा ओतता ओतता तिला म्हटलं, "आई, त्या वरच्या बाल्कनीतून एकदा एका बाईने गाणं म्हटलं होतं. फुकट. ऐकायला पन्नास हजार माणसं आली होती."

"माईक होता?"

"१८८५ साली?"

"मग मागच्यांना काय ऐकू गेलं?"

मला ही गोष्ट कळून तीन-चार वर्षं झाली होती. तोवर हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता, आणि मी म्हणे टेलिकॉममधला इंजिनिअर.

गोष्ट मला कळली ती नोटेमुळे. मी २०१४ मध्ये इथे आलो तेव्हा पन्नास क्रोनरच्या नोटेवर येनी लिंड होती. एकोणिसाव्या शतकातली ऑपेरा गायिका, जन्माने स्टॉकहोमचीच. ज्या देशात राजांबरोबर गाणाऱ्या बाईलाही नोटेवर जागा आहे, तो देश मला तिथल्या तिथे आवडला. पुढे नोटा बदलल्या. येनी लिंड गेली आणि पाचशेच्या नोटेवर दुसरी ऑपेरा गायिका आली, बिर्गिट निल्सन. इथे रोख पैसे आता जवळपास कोणी वापरत नाही, म्हणून मी पाचशेची एक नोट पाकिटात तशीच ठेवली आहे, शकुनाची. ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याने कँटीनमध्ये 'निल्सनबाईंच्या बाल्कनीचा अपघात' असं काहीतरी म्हटलं तेव्हा मी ऐटीत ती नोट काढून दाखवली. "ह्या ना?" तो हसला. म्हणाला, ह्या नव्हेत, ह्यांच्या आधीच्या. क्रिस्तीना.

दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. निल्सन हे आडनाव इथे आपल्या जोशी-पाटलांसारखं. त्यात भर म्हणजे आजही एक क्रिस्तीना निल्सन आहे, तीही ऑपेरातच गाते, आवाजही सोप्रानोच, म्हणजे सगळ्यात वरच्या पट्टीचा. नेटवर शोधताना मी अर्धा तास भलत्याच बाईचं आयुष्य वाचत बसलो होतो. यात तारखा कशा काय बसत नाहीत, म्हणून शेवटी शंका आली.

तर आमची क्रिस्तीना. जन्म २० ऑगस्ट १८४३, दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलांड प्रांतात, वेकशो गावाजवळ. दगडाळ जमीन, घनदाट जंगल आणि गरिबी यांसाठी हा प्रांत तेव्हा प्रसिद्ध होता. पुढच्या काही दशकांत तिथली माणसं बोटी भरभरून अमेरिकेला गेली. बाप दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी, घर मुलाबाळांनी भरलेलं, ही शेंडेफळ. गळा होता आणि हातात फिडल, म्हणजे व्हायोलिन, होतं. भावाबरोबर जत्रांमधून फिरायची, वाजवायची, गायची, लोक नाणी टाकायचे. १८५७ च्या युंगबीच्या जत्रेत टोर्नेरहेल्म नावाच्या एका न्यायाधीशाने तिला ऐकलं. पोरगी चौदा वर्षांची. हिच्या शिक्षणाचा खर्च मी करतो, असं त्याने तिच्या घरच्यांना सांगितलं.

इथे आईने मला थांबवलं. "आणि त्यांनी पाठवलं?"

"पाठवलं."

"चौदा वर्षांची मुलगी, परक्या माणसाच्या भरवशावर?" आईने चहाचा घोट घेतला. "गरिबी वाईट."

मला ही गोष्ट आजवर भाग्याची वाटत होती.

मुलगी शिकली मात्र. आधी लेउहूसेन नावाच्या एका सरदारघराण्यातल्या गायिकेकडे, मग स्टॉकहोममध्ये फ्रांस बेर्वाल्ड या संगीतकाराकडे, मग पॅरिसला. ऑक्टोबर १८६४ मध्ये पॅरिसच्या तेआत्र लिरिकमध्ये 'ला त्राविआता' या ऑपेरातली नायिका व्हिओलेत्ता म्हणून रंगमंचावर उभी राहिली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. जत्रेतल्या धुळीपासून तिथवर सात वर्षं. १८६८ मध्ये आंब्रवाज तोमाच्या 'हॅम्लेट'मध्ये पहिली ओफेलिया तिची. त्यातल्या ओफेलियाच्या वेडाच्या प्रवेशात तोमाने एक स्वीडिश लोकधून घेतली आहे. पॅरिसच्या ऑपेरात, फ्रेंच शब्दांत, डेन्मार्कच्या कथेत, स्मोलांडच्या पोरीच्या तोंडी स्वीडिश चाल. मला हा तपशील भारी आवडतो. मग लंडन, सेंट पीटर्सबर्ग, अमेरिकेचे दौरे. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊस २२ ऑक्टोबर १८८३ ला उघडलं ते 'फाउस्ट'ने, आणि त्यात मार्गारिट हीच.

म्हणजे सप्टेंबर १८८५ मध्ये ती स्टॉकहोमला आली ती आपल्याच देशात पाहुणी म्हणून. वय बेचाळीस. फ्रेंच नवरा तीन वर्षांपूर्वी वारलेला. कार्यक्रमांना तिकीट, आणि ते तिकीट काही मोलकरणीला परवडणारं नव्हतं. पण मोलकरणींनाच तर ती आपली वाटायची. राजदरबारातल्या लोकांना कौतुक असेल तिच्या पॅरिसचं. स्टॉकहोमच्या स्वयंपाकघरांत आणि धुण्याच्या घाटांवर राबणाऱ्या कितीतरी मुली स्वतःच खेड्यातून आलेल्या होत्या. त्यांच्यापैकीच एक मुलगी फिडल घेऊन निघाली आणि कुठच्या कुठे पोचली. ती आता ग्रँड हॉटेलात उतरलीय, आणि २३ तारखेला संध्याकाळी बाल्कनीत येऊन सगळ्यांसाठी गाणार आहे. ही बातमी शहरभर झाली.

लोक आले. आकडे तीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत वाचायला मिळतात. तेव्हाचं स्टॉकहोम केवढं? १८८० च्या मोजणीत एक लाख ६९ हजार, १८९० मध्ये दोन लाख ४६ हजार. मधलं वर्ष धरा. म्हणजे पन्नास हजार धरले तर शहरातला दर चौथा माणूस त्या संध्याकाळी या एका घाटावर. मी बाकावर बसल्या बसल्या गणित केलं. अंगाला अंग न लागता पण दाटीने उभं राहायचं तर एका चौरस मीटरमध्ये चार माणसं. पन्नास हजारांना साडेबारा हजार चौरस मीटर हवेत. तीस मीटर रुंदीचा पट्टा धरला तरी चारशे मीटर लांब. आईला सांगितलं, "आपल्या बारा डब्यांच्या फलाटापेक्षा दीडपट लांब, आणि दुप्पट-तिप्पट रुंद."

"आणि एकच जिना," आई म्हणाली.

तिने तसं घाटाकडे बघून म्हटलं होतं, नकाशा न बघता. या जागेची गोम तीच. एका बाजूला पाणी. दुसऱ्या बाजूला इमारतींची सलग भिंत, मध्ये एखादी गल्ली. पूर्वेकडे राष्ट्रीय संग्रहालय आणि पलीकडे स्केप्सहोल्मेनचं बेट, तिथे तेव्हा नौदल. बहुतेकांची घराची वाट पश्चिमेला, बागेच्या दिशेने. येताना लोक तासाभरात, दोन तासांत, थोडे थोडे येतात. जाताना सगळे एकदम जातात.

ती बाल्कनीत आली, गायली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, टोप्या उडवल्या असतील. गाताना काही झालं नाही. हे मला पुन्हा पुन्हा वाचावं लागलं, कारण माझ्या डोक्यात चित्र वेगळं होतं. मला वाटायचं, ऐकायला पुढे घुसण्याच्या नादात लोक चिरडले असतील. तसं नाही. गाणं झालं, ती आत गेली आणि लोक घरी निघाले. तेव्हा ते झालं.

बागेच्या बाजूला एका मोठ्या घराचं काम चालू होतं, भोवती परांची. परांची कोसळतेय अशी ओरड कुणीतरी केली, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. कोसळली नव्हती. पण पुढचे मागे वळले, मागचे पुढेच येत राहिले, कारण मागच्यांना पुढचं काही दिसत नाही. चेंगराचेंगरीत वीसच्या आसपास माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. मेलेल्यांत बहुतेक बायका.

परांचीचं वाचलं तेव्हा मला लगेच २०१७ चा सप्टेंबर आठवला. एल्फिन्स्टन रोडचा पूल, पाऊस, २३ माणसं. 'फूल पडलं' असं कुणी म्हणालं आणि लोकांनी 'पूल पडला' ऐकलं, अशी तेव्हा बातमी होती. मी त्या दिवशी इथे किस्टाला मीटिंगमध्ये होतो आणि फोनवर आईचे चार मिस्ड कॉल बघून बाहेर आलो होतो. ती ठीक आहे हे सांगायला तिने फोन केले होते. ती निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, त्या पुलावर असण्याचं काही कारणच नव्हतं. तरी फोन केले. आणि मीही ते ऐकून हुश्श केलं.

चेंगराचेंगरीत माणूस पायाखाली येऊन मरतो असं आपण समजतो. अनेकदा तो उभ्या उभ्या मरतो. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहाच्या वर माणसं गेली की गर्दी माणसांची राहत नाही, पाण्यासारखी होते. त्यात लाटा येतात. आपण कुठे जायचं हे आपल्या हातात राहत नाही आणि पायही कधीकधी जमिनीवर नसतात. छातीवर पुढून-मागून एवढा दाब येतो की श्वास आत घ्यायला बरगड्या फुलतच नाहीत. आवाज तर त्याहून नाही. आतल्यांना ओरडता येत नाही, म्हणून बाहेरच्यांना कळत नाही.

हे मी आईला जरा सौम्य करून सांगत होतो. तिने अर्ध्यातच हात वर केला. डावी मूठ उजव्या हाताने धरली, दोन्ही कोपरं बाहेर काढली आणि छातीसमोर घमेल्याएवढी जागा केली.

"असं," ती म्हणाली.

मला ते माहीत होतं. मी सात-आठ वर्षांचा असताना, जुलै महिन्यात, गाड्या दोन तास बंद होऊन पहिली गाडी आली तेव्हा डोंबिवलीच्या पुलावर तिने मला असंच त्या जागेत उभं केलं होतं. माझं नाक तिच्या साडीच्या पिनेला लागत होतं. ओल्या छत्र्यांचा, मोगऱ्याचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाचा वास. ती वरून सारखी एकच वाक्य म्हणत होती, "ढकलू नका, लेकरू आहे." कुणावर रागावून नाही. जप करावा तशी. तिच्या कोपरांवर दुसऱ्या दिवशी हिरवे-निळे डाग होते. बाबांनी विचारलं तर म्हणाली, ओट्याला लागलं.

"बायकाच का जास्त गेल्या?" मी तिला विचारलं. माझ्याकडे माझी उत्तरं तयार होती: घट्ट कमरेच्या काचोळ्या, पायघोळ घागरे, मागे गाद्या बांधलेला तो १८८० च्या फॅशनचा अवजड पोशाख. पडल्यावर उठणं मुश्कील.

"ते असेलच," आई म्हणाली. "पण आधी उंची. पुरुषांच्या घोळक्यात बाईचं तोंड कुठे येतं? खांद्याच्या खाली. पुरुषाला वरची हवा मिळते. आपल्याला समोरच्याची पाठ." थोडं थांबून म्हणाली, "आणि बायकाच जास्त आल्या असतील. गाणाऱ्या बाईला बघायला."

मी पुस्तकांत, लेखांत कुठेही वाचलेल्यापेक्षा हे दुसरं कारण मला जास्त पटलं. तिकीट न परवडणारी गर्दी, काम आटोपून आलेली, उद्या पहाटे पुन्हा चूल पेटवायची म्हणून लगेच निघालेली. घाई त्यांनाच असणार.

क्रिस्तीनाला कळलं तेव्हा तिचं काय झालं असेल याची मला कल्पना करवत नाही. तिने मृतांच्या घरच्यांना पैसे दिले. तिची चूक होती असं म्हणणं सोपं आहे आणि मला ते अजिबात मान्य नाही. बाल्कनीत येऊन गाणं हे गायिकेचं काम. पन्नास हजारांना घरी कसं पाठवायचं, बांधकामाजवळची वाट बंद करायची का, हे ज्यांचं काम होतं ते कोणी दुसरेच होते. गर्दी जमेपर्यंत सगळ्यांना कौतुक असतं. पांगवायचा विचार कोणी करत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही मंडळाच्या कार्यकर्त्याला विचारा, मिरवणूक आणायची कशी हे तो तासभर सांगेल.

ती पुढेही गायली, पण फार वर्षं नाही. १८८७ मध्ये एका स्पॅनिश सरदाराशी लग्न केलं, १८८८ मध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम केला आणि थांबली. शेवटची वर्षं वेकशोला, जिथून निघाली तिथेच. १९२१ मध्ये गेली. तबकड्यांचा जमाना येण्याआधीच थांबल्यामुळे तिच्या आवाजाची एकही तबकडी नाही. नोटेवरच्या बिर्गिटबाई मी हेडफोन लावून हव्या तेवढ्या ऐकू शकतो. क्रिस्तीना कशी गायची हे सांगणारे सगळे लोक मेले.

म्हणूनच आईचा पहिला प्रश्न मला सुटत नव्हता. मागच्यांना काय ऐकू गेलं?

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो. तयारीच्या ऑपेरा गायिकेचा आवाज एक मीटरवर शंभर डेसिबल धरा. दहा मीटरवर ऐंशी. शंभर मीटरवर साठ, म्हणजे समोरासमोर बसून गप्पा मारतो तेवढा. ऑपेराच्या गायकांना भिंती आणि छत मदत करतात, आणि इथे पाठीमागे हॉटेलची भिंत सोडली तर सगळं उघडं. शंभर मीटरवर साठ डेसिबल ठीक आहे, पण आजूबाजूचे हजारो लोक गप्प हवेत. एकाने खोकायचं नाही. दोनशे मीटरच्या पुढे मला तरी आशा वाटत नाही. म्हणजे पन्नास हजारांतल्या मागच्या कितीतरी लोकांनी त्या संध्याकाळी बहुधा काहीच ऐकलं नसेल. गॅसच्या दिव्यांमागे एक छोटी आकृती दिसली असेल, बस्स. आणि चेंगराचेंगरी झाली ती तर बागेकडच्या टोकाला.

हे हिशेब मी आईला सांगितले. ती म्हणाली, "कागदावर काय सांगतोस. चल, बघू."

"काय बघू?"

"मी म्हणते. तू चालत जा."

आई गेली पंधरा वर्षं आमच्या सोसायटीजवळच्या भजनी मंडळात गाते. शिकलेली नाही, पण आवाज खणखणीत आहे आणि माईकचा तिला तिटकारा आहे. तरी परदेशात, भर रस्त्यात, ग्रँड हॉटेलच्या दारात? मी इकडेतिकडे बघितलं. बोटीच्या रांगेत काही लोक. हॉटेलचा दरवान. एक जपानी जोडपं फोटो काढतंय.

"लाजतोस काय," आई म्हणाली. "तुझ्या त्या बाईला लाज वाटली का?"

ती बाकावरून उठली, गुडघ्याला हात लावून सरळ झाली, शाल नीट केली आणि हॉटेलकडे पाठ करून पाण्याकडे तोंड केलं. तुकोबांचा अभंग लावला. मी संग्रहालयाच्या दिशेने चालायला लागलो, पावलं मोजत.

वीस पावलांवर सगळं नीट ऐकू येत होतं, शब्दन् शब्द. बोटीच्या रांगेतली एक म्हातारी बाई वळून बघत होती. चाळीसवर वारा आडवा आला आणि जोडाक्षरं गळायला लागली. 'विठ्ठल' मधला 'ठ्ठ' गेला, नुसतं 'विल' राहिलं. साठवर मला अभंग पाठ आहे म्हणून शब्द कळत होते, एरवी कळले नसते. शब्द आधी गेले. चाल राहिली. ऐंशीवर बोटीचं इंजिन सुरू झालं आणि चालही येत-जात राहिली, जवळच्या गावातल्या देवळातून रात्री ऐकू यावी तशी. मी पुढे चालत राहिलो. शंभरवर डोळे मिटून उभा राहिलो. एक बारीक धागा अजून होता. नक्की होता. एकशेदहा. एकशेवीस. मी मान वाकडी करून कान तिच्याकडे केला. आहे, अजून आहे, वरच्या सुरात आहे.

मग वळून बघितलं. आई बाकावर बसली होती. थर्मासचं झाकण उघडून दुसरा कप ओतत होती.

परत आलो. "एकशेवीसपर्यंत ऐकू आलं," मी म्हटलं. "कमाल आहे तुझी."

"मी तू त्या दिव्याच्या खांबाशी पोचलास तेव्हाच थांबले," आई म्हणाली. "ठसका लागला."

दिव्याचा खांब मी येताना मोजला. सत्तर पावलांवर होता.